सायकलची घंटा, दिवा व परावर्तक : कायदा आणि आपले कर्तव्य

व्यापाऱ्याच्या दुकानात जी वस्तू रोज नजरेसमोर असते तिच्याकडेच त्याचे लक्ष सर्वांत कमी जाते. आपल्या पेढ्यांच्या भिंतींस टेकून उभ्या असलेल्या सायकली हे त्याचे उत्तम उदाहरण होय. मालक मंडळी आता मोटारीतून किंवा स्कूटरवरून ये-जा करू लागली आहेत. परंतु दिवाणजी, तोलारी, हमाल, दुकानातील पोरे आणि सायंकाळी शिकवणीस जाणारी आपली मुलेमुली यांपैकी पुष्कळांचे वाहन आजही सायकलच आहे. त्या सायकलीस घंटा आहे की नाही, दिवा लागतो की नाही, मागचा लाल डोळा शाबूत आहे की नाही, हे आपण कितीदा पाहतो?

प्रस्तुत लेखक कायद्याचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या घाऊक व्यापारात गेलेले आयुष्य, एवढीच त्याची शिदोरी आहे. तथापि या तीन लहान साधनांसंबंधी कायदा कसकसा घडला व आज आपल्यावर कोणती जबाबदारी येते, यासंबंधी जी माहिती जमविता आली ती सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहे.

१. सन १८८८

सायकलच्या इतिहासात १८८८ हे वर्ष मोठे महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने स्थानिक स्वराज्याचा एक कायदा संमत केला आणि त्याच्या ८५ व्या कलमात सायकल ही कायद्याच्या दृष्टीने 'गाडी' आहे असे ठरविले. आणि योगायोग असा की, त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी आपल्या बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईस शिक्षक होते. ते तेथून सायकली पाठवीत व रामूअण्णा येथे त्या विकीत आणि लोकांना चालविण्यास शिकवीत. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या या घराण्याच्या उद्योगाचा आरंभ सायकलपासून झाला, ही गोष्ट आपणा बेळगावकरांस भूषणावह आहे.

इंग्लंडच्या त्या कलमाने सायकलस्वारावर दोन बंधने घातली. सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयापूर्वी एका तासापर्यंत सायकलीवर दिवा पेटलेला असावा, आणि गाडी, घोडा किंवा पादचारी यांना ओलांडण्यापूर्वी घंटा, शिट्टी अथवा अन्य रीतीने पुरेसा इशारा द्यावा, अशी ती बंधने होत. मागील बाजूच्या दिव्याचा त्यात उल्लेखही नव्हता.

याचे कारण विचार केला असता सहज ध्यानी येते. त्या काळी रस्त्यावर बैलगाड्या, घोडागाड्या व पायी चालणारे लोक असत. सायकल ही त्यांत वेगवान होती. लोखंडी धावेच्या गाडीचा खडखडाट दुरून ऐकू येई, पण रबरी टायरची सायकल मुळीच आवाज न करता अंगावर येई. म्हणून सायकलस्वाराने इतरांना इजा करू नये, एवढाच त्या कायद्याचा हेतू होता. घंटा व पुढचा दिवा ही दोन्ही साधने मुळात सायकलीपासून दुसऱ्यांचे रक्षण करण्यासाठी आली.

पुढे मोटारी आल्या आणि परिस्थिती उलटली. आता सायकलला मागे टाकणारी वाहने रस्त्यावर धावू लागली व धोका पाठीमागून येऊ लागला. म्हणून इंग्लंडात १९२७ च्या कायद्याने सायकलीच्या मागे लाल दिवा किंवा लाल परावर्तक लावण्याची सक्ती आली. हे तिसरे साधन मात्र स्वतः सायकलस्वाराच्या रक्षणासाठी आहे. हा भेद वाचकांनी मनात ठेवावा, कारण आपल्या लोकांची सवय अद्याप १८८८ सालचीच आहे. नवी सायकल घेताना मुलगा घंटेचा आवाज चार वेळा वाजवून पाहतो. मागचा परावर्तक कोणी न्याहाळीत नाही.

२. घंटा

घंटेचे काम पादचाऱ्यास सावध करणे हे होय. बंद काचांच्या मोटारीत किंवा ट्रकच्या घरघराटात ती ऐकू जात नाही. म्हणून घंटा वाजविली म्हणजे मोठे वाहन आपल्याला सांभाळून घेईल, असे मानणे धोक्याचे आहे. पेठेतील गर्दीत, शाळेसमोर व गल्लीच्या वळणावर मात्र तिच्यावाचून चालत नाही.

१९४९ मध्ये जिनिव्हा येथे रस्त्यावरील वाहतुकीसंबंधी आंतरराष्ट्रीय करार झाला व १९६२ मध्ये भारत त्यात सामील झाला. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या सायकलीस पुरेशा अंतरावर ऐकू जाईल अशी घंटा असावी व घंटेखेरीज दुसरे आवाजाचे साधन असू नये, असे त्यात म्हटले आहे. त्यामागील विचार शहाणपणाचा आहे. घंटेचा नाद ऐकताच मागून सायकल येत आहे हे ऐकणारा ओळखतो. सायकलीवर कर्कश भोंगा बसविला तर तो मोटार समजून दचकतो आणि भलतीकडे उडी घेतो.

घंटेच्या आतील दाते गंजले की अंगठा दाबूनही ती वाजत नाही. वर्षातून दोनदा, विशेषतः पावसाळा संपल्यावर, वरची वाटी उघडून तेलाचे दोन थेंब सोडावेत. घंटा हँडलच्या मुठीजवळ असावी, म्हणजे ब्रेकवरची बोटे न काढता अंगठ्याने वाजविता येते.

३. पुढचा दिवा

पुढच्या दिव्याने फार मजल मारली आहे. आरंभी तेलाचा दिवा असे. नंतर कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या वायूवर जळणारे दिवे आले. त्यानंतर टायरला घासून फिरणारा डायनॅमो आला. साठी ओलांडलेल्या वाचकांस त्याची घरघर व त्यामुळे जड होणारे चाक आठवत असेल. हा डायनॅमो साधारणतः सहा व्होल्ट व तीन वॅट शक्तीचा असे. त्याचा मोठा दोष असा की, सायकल थांबली की दिवा मालवे, म्हणजे चौकात उभे राहावयाचे त्याच क्षणी सायकलस्वार अंधारात जाई. आता बॅटरीवर चालणारे एल.ई.डी. दिवे स्वस्त झाले असून हा दोष राहिलेला नाही.

नियम सोपा आहे. पुढे पांढरा, मागे लाल. ही खूण जगभर एकच आहे आणि ती उलटविता कामा नये. पुढे लाल दिवा दिसला तर समोरच्यास वाटते की ते वाहन आपल्याच दिशेने पुढे जात आहे, आणि अंतराचा अंदाज चुकतो. तसेच दिव्याचा झोत रस्त्याकडे थोडा झुकलेला असावा. समोरच्याचे डोळे दिपविणारा दिवा दोघांनाही घातक ठरतो.

दिव्याचे काम दुहेरी आहे. खड्डा, उघडे गटार किंवा रस्त्यात बसलेले जनावर आपणास दिसावे हे एक. आणि रस्ता प्रकाशित असला तरी आपण इतरांस दिसावे हे दुसरे. 'पेठेत विजेचे दिवे आहेत, मग सायकलीस कशाला?' असे विचारणारा पहिलेच काम जाणतो, दुसरे जाणत नाही.

४. मागचा लाल परावर्तक

परावर्तक म्हणजे रिफ्लेक्टर. याला वीज लागत नाही, तेल लागत नाही, बटणही नाही. चहाफराळास जेवढे पैसे लागतात तेवढ्यात तो मिळतो. तो कार्य कसे करतो हे समजून घेण्यासारखे आहे.

खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती व जमीन एकमेकींस काटकोनात मिळतात. तशाच रचनेचे शेकडो बारीक कोपरे परावर्तकाच्या पाठीमागे घडविलेले असतात. अशा कोपऱ्यात शिरलेला किरण तिन्ही बाजूंवर आपटून ज्या दिशेने आला त्याच दिशेस परत जातो. साधा आरसा प्रकाश भलतीकडे फेकतो. परावर्तक तो ज्याचा त्यास परत करतो. त्यामुळे ट्रकच्या दिव्याचा प्रकाश ट्रकचालकाच्याच डोळ्यांकडे येतो व लाल ठिणगी दुरून चमकते. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या उपकरणात असेच शंभर कोपरे होते आणि पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा किरण त्यांवरून परत येतो. २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेल्या आपल्या विक्रम यानावरही अशाच जातीचे एक लहान उपकरण आहे. जे तत्त्व चंद्राचे अंतर मोजण्यास उपयोगी पडते तेच आपल्या दिवाणजींच्या मडगार्डवर बसलेले असते.

आता थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. चालकाने अडथळा पाहून ब्रेक दाबण्यास अडीच सेकंद लागतात असे धरून आपल्या देशातील रस्त्यांची आखणी केली जाते. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच वाहन चाळीस मीटरहून अधिक पुढे येते. पूर्ण थांबण्यास या वेगात ८० मीटर अंतर लागते असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मान आहे. खाली झुकविलेल्या दिव्यांच्या उजेडात गडद कपडे घातलेला सायकलस्वार याच्या निम्म्या अंतरावरूनही दिसेल याची शाश्वती नाही. परावर्तक असेल तर तो त्याच्या कितीतरी आधी दिसतो. मधल्या त्या अंतरावर एका कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते.

पायडलवरील पिवळसर परावर्तकांचेही असेच महत्त्व आहे. ते पायांबरोबर वरखाली होतात व त्या हालचालीवरून पुढे सायकल चालली आहे हे चालकास तत्काळ उमगते. चाकांच्या तारांमधील परावर्तक चौकात आडव्या बाजूने येणाऱ्यास उपयोगी पडतात.

मात्र परावर्तकाची मर्यादाही ओळखली पाहिजे. ज्याच्यावर दुसऱ्याचा प्रकाश पडत नाही तो परावर्तक नसल्यासारखाच. तो चिखलाने माखला, खाली झुकला किंवा मागे लोंबणाऱ्या पोत्याने झाकला गेला तर निरुपयोगी होतो. आपल्या धंद्यात ही शेवटची गोष्ट नित्याची आहे. कॅरिअरवर धान्याचे चुंगडे बांधले की मडगार्डवरचा लाल डोळा बहुधा त्याच्याआड जातो. म्हणून जेथे शक्य असेल तेथे परावर्तकासोबत मागे लाल दिवाही असावा.

५. एक प्रसंग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उसाचा हंगाम होता. आमच्या दुकानातील एक तोलारी आठच्या सुमारास दुकान बंद झाल्यावर सायकलीने आपल्या गावी चालला होता. मागून येणाऱ्या टेम्पोची धडक बसून त्याच्या मांडीचे हाड मोडले. टेम्पोचालक पळून गेला नाही. त्यानेच त्याला इस्पितळात पोचविले व पोलिसांसमोर एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितले, "साहेब, मला तो दिसलाच नाही." सायकल दुकानी आणली तेव्हा घंटा उत्तम वाजत होती. मागील मडगार्डवर परावर्तकाच्या जागी मात्र गंजलेले भोक तेवढे होते. तोलारी पाच महिने अंथरुणावर होता. मुलीचे ठरलेले लग्न पुढे ढकलावे लागले. आजही पोते उचलताना तो क्षणभर थांबतो.

अशा प्रकरणी नुकसानभरपाईचा दावा चालतो तेव्हा विमा कंपनी सायकलस्वाराच्या हयगयीचा मुद्दा पुढे आणते. दिवा नव्हता, परावर्तक नव्हता, असे दाखविता आले तर भरपाईची रक्कम कमी होण्याचा संभव असतो. जखमी मनुष्यावर हा दुसरा घाव होय.

६. आपल्याकडील कायदा

पुष्कळांची समजूत अशी की, सायकलचे नियम मोटार वाहन कायद्यात असतील. १९८८ चा मोटार वाहन कायदा यंत्रशक्तीने चालणाऱ्या वाहनांसाठी आहे; पायाने चालविलेली सायकल त्याच्या व्याख्येत बसत नाही. म्हणूनच तिला नोंदणी नाही व चालविणाऱ्यास परवाना नाही. विजेच्या साहाय्याने चालणाऱ्या सायकलीस ही सूट मिळण्यासाठी मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असावी व ताशी २५ किलोमीटरला तिचे साहाय्य थांबावे, अशा अटी केंद्रीय नियमांत आहेत. मुलांसाठी अशी सायकल घेणाऱ्यांनी हे तपासून घ्यावे.

मग सायकलीच्या दिव्याचा अधिकार कोणाचा? तो मुख्यतः राज्यांच्या पोलीस कायद्यांतून येतो. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ३३ व्या कलमाने रस्त्यावरील सर्व प्रकारच्या वाहतुकीचे, सायकल चालविण्याचेही, नियमन करण्याचा तसेच वाहनांवरील दिव्यांची संख्या, जागा व वेळ ठरविण्याचा अधिकार पोलीस अधिकाऱ्यांस दिला. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्यामुळे तो कायदा येथेही होता. महाराष्ट्रात व गुजरातेत तोच कायदा आता त्या त्या राज्याच्या नावाने चालू आहे. म्हणून वडोदऱ्याच्या बंधूंनाही तो लागू आहे. कर्नाटकात १९६३ च्या पोलीस कायद्याच्या ३१ व्या कलमात अशाच स्वरूपाची तरतूद आहे. या अधिकाराखाली केलेले नियम स्थानिक असतात. आपल्या शहरापुरता नियम वाहतूक पोलीस ठाण्यात विचारून घेणे हा उत्तम मार्ग होय.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या १३८ व्या कलमात एक भर घातली. यंत्रावाचून चालणारी वाहने व पादचारी यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार त्यामुळे राज्यांस मिळाला. असे नियम सहा महिन्यांत करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यांना दिला.

दुसरीकडे कायद्याचा रोख चालविणाऱ्यावरून बनविणाऱ्या व विकणाऱ्याकडे वळला आहे. अमेरिकेत १९७६ पासून नव्या सायकलीस पुढे, मागे, पायडलांवर व चाकांवर परावर्तक असल्यावाचून ती विकता येत नाही. आपल्याकडे केंद्र शासनाच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने २०२० मध्ये सायकलीच्या परावर्तकांसंबंधी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. परावर्तक भारतीय मानकाप्रमाणे असावेत व त्यांवर आय.एस.आय. चिन्ह असावे, हे त्याचे सार आहे. कारखानदारांच्या अडचणींमुळे त्याच्या अंमलबजावणीची तारीख काही वेळा पुढे गेली होती.

आपणा व्यापाऱ्यांस ही कल्पना नवी नाही. आपण बिनशिक्क्याचे वजन तागडीत घालीत नाही. कारण वजन दिसण्यात सारखे असले तरी त्याच्या खरेपणाची ग्वाही शिक्का देतो. परावर्तकाचेही तसेच आहे. साध्या लाल प्लास्टिकची चकती दिवसा तशीच दिसते. रात्री मात्र ती काळी पडते.

७. मालकाची जबाबदारी

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली. तिच्या ७४ व्या कलमात एक गोष्ट स्पष्ट केली आहे. घरून कामावर येताना अथवा काम आटोपून घरी जाताना झालेला अपघात, वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, कामाच्या ओघात झालेला अपघात मानला जाईल. ज्या नोकरांस ही तरतूद लागू होते त्यांच्याबाबत दुकानाचे दार बंद झाले म्हणजे मालकाची जबाबदारी संपली, असे आता म्हणता येणार नाही. खरे पाहता आपल्या वाडवडिलांनी ती कधी संपली असे मानलेच नव्हते. रात्री उशिरा निघणाऱ्या माणसास कंदील हाती दिल्यावाचून ते सोडीत नसत.

८. दुकानात पाळावयाचे नियम

आमच्या पेढीत सध्या खालील क्रम चालू आहे. तो इतरांसही उपयोगी पडेल असे वाटते.

(१) दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दुकानात येणाऱ्या सर्व सायकली दिवाणजींनी पाहाव्यात. पाहणीस मागच्या बाजूने आरंभ करावा.

(२) प्रत्येक सायकलीस मागे लाल, पुढे पांढरा व पायडलांवर पिवळसर परावर्तक असावा. नसल्यास दुकानखर्चाने बसवून द्यावा. चिन्ह पाहून घ्यावा.

(३) परावर्तक उभा व सरळ मागे तोंड करून आहे ना, हे संध्याकाळी दहा-पंधरा पावलांवरून विजेरी डोळ्यांच्या उंचीवर धरून पाहावे. चमकला तर ठीक.

(४) कॅरिअरवर माल बांधल्यावर तो झाकला गेल्यास पोत्याच्या पाठीस दुसरा परावर्तक किंवा लाल दिवा अडकवावा.

(५) मार्गशीर्ष-पौषात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. या दिवसांत लांब जाणाऱ्या माणसांस शक्य तर अंधारापूर्वी सोडावे.

(६) दिव्याच्या बॅटऱ्या संपल्याचे नोकराने सांगितल्यास त्याच दिवशी द्याव्यात. दोन दिवसांनी दिलेली बॅटरी मधल्या दोन रात्री उजेड देत नाही.

(७) घरच्या मुलामुलींच्या सायकली आईवडिलांनी स्वतः पाहाव्यात. शिकवणीचे वर्ग रात्री सुटतात.

या सर्वांस वर्षाकाठी येणारा खर्च एका पोत्यातील सांडलवंडीपेक्षा अधिक नाही, हे मी खातेवहीवरून सांगू शकतो.

आपल्या संघातर्फे येत्या दिवाळीपूर्वी एक दिवस ठरवून बाजारपेठेतील सर्व सायकलींची अशी तपासणी करावी व ज्यांस परावर्तक नाहीत त्यांस ते विनामूल्य बसवून द्यावेत, अशी नम्र सूचना या लेखाच्या निमित्ताने करीत आहे. सायकल दुरुस्ती करणाऱ्या दोन-तीन कारागिरांस त्या दिवसाची मजुरी द्यावी लागेल. आमच्या पेढीचा वाटा आम्ही आनंदाने उचलू. राज्यांचे नवे नियम लागू होतील तेव्हा होतील. ऊसगाड्यांचा हंगाम मात्र त्यांच्यासाठी थांबणार नाही, आणि आपली माणसे रोज रात्री त्याच रस्त्याने घरी जाणार आहेत.